दोन सीटांची बुटकी गाडी, दारव्ह्याचा रस्ता आणि टोचन: तयारी काय काय करावी?

दारव्हेकर_नागपूरचा (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात राहतो, गाव दारव्हा तालुक्यात. दीड वर्षापूर्वी एक जुनी जर्मन स्पोर्ट्स कार घेतली. दोन सीटा, इंजिन सीटांच्या मागं, पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. नागपुरात अशा गाड्या इतक्या थोड्या आहेत, की गाडी सांगितली की माणूस सापडतो.

डिसेंबरात गावाकडं निघालो होतो. देवळी सोडली आणि वर्धा नदीचा पूल यायच्या आधी डावं मागचं चाक कशावर तरी चिरलं. टायरच्या बगलेला बोटभर फट. या गाडीत स्टेपनी नसते. पंक्चर भरायच्या द्रवाची एक बाटली आणि हवा भरायची छोटी मशीन असते, आणि बगल फाटल्यावर तो द्रव नुसता रस्त्यावर सांडतो. रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला. साडेचार तासांनी जी गाडी आली ती पुढची चाकं उचलून ओढणारी क्रेन होती. मी सपाट पाठीची (फ्लॅटबेड, जिच्यावर अख्खी गाडी चढवून नेतात) मागितली होती. क्रेन परत गेली. दुसरी गाडी यायला रात्रीचे साडेदहा वाजले.

मनात राहिलंय ते मात्र वेगळंच. त्या साडेचार तासांत शेजारच्या वावरांतून, ढाब्यावरून, येणाऱ्या-जाणाऱ्यांतून पंधरा-वीस माणसं जमली. एकानं ट्रॅक्टर आणला, एकानं बंडीचा नाडा, म्हणजे बैलगाडीचा दोर. सहा पोरं म्हणाली, "काका, उचलून बाजूला ठेवतो." सगळे एवढंच विचारत होते: दोर कुठं बांधायचा, जॅक कुठं लावायचा, धक्का कुठून द्यायचा? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मदत समोर उभी होती आणि तिला काय सांगायचं हे मला ठाऊक नव्हतं.

बाबा ७९ वर्षांचे आहेत. यवतमाळ विभागात आयुष्यभर एसटी चालवली. अक्षय तृतीयेला त्यांना या गाडीत बसवून कळंबच्या चिंतामणीला न्यायचं ठरवलंय. ऐन उन्हाळा. या वेळी तयारीनं जायचंय. बरोबर काय घ्यावं, आधी काय शिकून ठेवावं, गाडी उचलायची वेळ आलीच तर कुणाला काय सांगावं? ज्यांच्याकडं अशी गाडी नाही त्यांनीही लिहा. त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्यांपैकी कुणाकडंच नव्हती.

पऱ्हाटी

भाऊ, थ्या पुलापासून आमचं वावर दोन किलोमीटर बी नाही. मले कसं नाही समजलं! पुढच्या टायमाले काही झालं तं आधी आमच्याकडं चहा पेजा, मंग कंपनीले फोन करजा. ट्रॅक्टर आपला, दोर आपला. कुठं बांधाचा थे तेवढं तुमी सांगा.

घाटावरचा

पुण्यात माझ्याकडं अशीच एक आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. नेऊ नका. गावी जायला बोलेरो न्या, बाबांना नागपूरला आणून रिंग रोडवर फिरवा. या गाड्यांचे पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतात, त्यामुळं एक स्टेपनी घेऊनही भागत नाही. मागचा २९५ किंवा ३०५ रुंदीचा टायर वर्ध्यात किंवा यवतमाळात दुकानात मिळायचा नाही. मागवावा लागतो. तेवढे दिवस गाडी कुठं ठेवणार?

न्यायचीच असेल तर मागून एक साधी गाडी येऊ द्या.

सीताबर्डी

बाबांना त्यांच्या रस्त्यावरून न्यायचंय हो, रिंग रोडवरून नाही. गाडी न्या.

टामीपान्हा

बडनेरा रोडला गॅरेज आहे. अशा गाड्या वर्षाला दोन-तीन येतात, त्याही बहुधा कुणीतरी चुकीची उचलल्यावर. म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी एक आली होती, रस्त्याच्या कडेला नालीत एक चाक गेलेली. हायड्रावाल्यानं, म्हणजे क्रेनवाल्यानं, पोटाखालून साखळी घालून उचलली. मालक सांगत होता, उचलताना आधी 'कर्र' असा आवाज आला, मग फटाका वाजल्यासारखा. दारांच्या खालचे दोन्ही पट्टे आत दबले होते, खालचं प्लास्टिकचं पत्र्यासारखं आवरण फाटून लोंबत होतं. नालीत गेल्यानं झालेलं नुकसान एका रिमचं. उचलल्यानं झालेलं त्याच्या कितीतरी पट. हायड्रावाल्यानं वाईट हेतूनं काहीच केलं नाही. तो रोज ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या उचलतो, तसंच त्यानं हेही उचललं.

आता कामाचं. टोचनचा, म्हणजे गाडी ओढायचा, हूक गाडीला कायमचा लावलेला नसतो. टूलकिटमध्ये सुटा असतो. पुढच्या बंपरवर एक छोटं चौकोनी किंवा गोल झाकण दिसेल, ते एका कडेला दाबलं की निघतं. आत आट्याचं भोक असतं. त्यात हूक पूर्ण आत जाईपर्यंत फिरवायचा. अर्धवट बसलेला हूक ओढताना वाकतो किंवा आटे घेऊन बाहेर येतो. घरी एकदा करून बघा. रस्त्यावर पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.

दोर लावून ट्रॅक्टरनं ओढण्याबद्दल. ऑटोमॅटिक किंवा डबल क्लच गिअरबॉक्स असेल तर लांब ओढू नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंपही बंद, आणि चाकं फिरत राहिली की आतले भाग कोरडे घासतात. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर दोन चाकं उचलून ओढणं अजून वाईट. रस्त्यातून साइडपट्टीवर घ्यायला पन्नास-शंभर मीटर, न्यूट्रलमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं, एवढंच. इग्निशन ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीन वेळा दाबला की पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड जातं. आत बसणाऱ्याला हे आधी सांगा, नाहीतर तो घाबरतो आणि गाडी ट्रॅक्टरवर जाते.

बाकी प्रवास सपाट पाठीच्या गाडीवरच.

संत्री_मोसंबी

@टामीपान्हा, सपाट पाठीवर चढवतानाच पुढचं नाक टेकतं, त्याचं काय? आमच्या शेजाऱ्यांची गाडी चढवताना बंपरचा ओठ तिथंच फुटला.

टामीपान्हा

बरोबर. उताराची फळी जिथं जमिनीला टेकते तिथं कोन तीव्र असतो. त्याआधी अजून दोन फळ्या टाकायच्या. दीड-दोन इंच जाडीच्या, चार-पाच फूट लांब, प्रत्येक चाकाखाली एक. चाक आधी फळीवर चढलं की नाक वर जातं. पुढचा भाग उचलायची सोय असेल तर ती चालू करा. पोर्शेमध्ये ही सोय घेतली असेल तर नाक सुमारे ४० मिलिमीटर वर येतं. ऐकायला थोडं वाटतं, पण टेकणं आणि न टेकणं यात तेवढाच फरक असतो. नाक फारच लांब असेल तर मागून चढवा.

वर चढल्यावर बांधायचं टायरवरून, कापडी पट्ट्यानं. साखळी सस्पेन्शनच्या दांड्यात अडकवू देऊ नका. अडकवणारा म्हणेल, "साहेब, आम्ही रोज असंच बांधतो." शांतपणे सांगा, की या गाडीच्या दांड्या ॲल्युमिनियमच्या आहेत.

जॅकचं एक राहिलं. खाली ठरलेल्या चार जागा असतात, मॅन्युअलमध्ये चित्र आहे. त्यांवर खडूनं किंवा पेंटनं खूण करून ठेवा. जॅकच्या डोक्यावर ठेवायला रबराचा जाड गट्टू घ्या.

मीराताई_अकोला

मी विम्याच्या दाव्यांचं काम करते. धागालेखक, तुमच्या अनुभवात क्रेन चुकीची का आली याचं कारण बहुतेक वेळा फोनवरच्या बोलण्यात असतं. कॉल सेंटरच्या मुलीसमोर फक्त 'टोइंग' अशी खूण करायचा रकाना असतो. म्हणून 'फ्लॅटबेड' हा शब्द वापरा, 'गाडीची उंची कमी आहे, जादा फळ्या लागतील' हे सांगा आणि तो निरोप एसेमेसवर परत मागवा. पिनकोड विचारला तर गावाचा पिनकोड देऊन थांबू नका. मोबाइलवरून लोकेशन पाठवा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडाही सांगा.

दुसरं, पॉलिसी आजच काढून वाचा. रोडसाइड असिस्टन्सच्या पुरवणीत किती किलोमीटरपर्यंत मोफत नेतील याची मर्यादा असते. काहींची ५० असते, काहींची १००. तुमच्या रस्त्यावर जवळचं अधिकृत वर्कशॉप नागपुरात असेल, तर दारव्ह्याहून निघालेली गाडी त्या मर्यादेबाहेर जाते, आणि वरच्या अंतराचं भाडं तुम्हाला द्यावं लागतं. ही पुरवणीच घेतली नसेल तर मूळ खासगी गाडीच्या पॉलिसीत अपघातानंतर गाडी हलवायचा खर्च असतो, पण जुन्या ठरलेल्या मजकुरात तो ₹१,५०० पर्यंतच आहे. १,५०० रुपयांत फ्लॅटबेड यवतमाळातून नागपूरला येत नाही.

तिसरं, गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो. चढवताना व्हिडिओ. बांधल्यावर पट्ट्यांचे फोटो. उतरवल्यावर परत फोटो. चालकासमोर काढा, त्याला सांगून काढा. वाद झालाच तर कोणता ओरखडा कधीचा हे यावरूनच ठरतं. आणि अपघात असेल तर हलवण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा. मागाहून कळवलेल्या दाव्यांत मी माणसांना फार त्रास झालेला पाहिलाय.

दारव्हेकर_नागपूरचा (धागालेखक)

मीराताई, पॉलिसी काढली. माझी मर्यादा ५० किलोमीटर आहे. दीड वर्ष मी हे वाचलं नव्हतं.

टामीपान्हा, तुम्ही म्हणालात तसा हूक शोधायला गेलो. टूलकिट पुढच्या डिक्कीत आहे आणि पुढची डिक्की बटणानं, म्हणजे विजेवर उघडते. बॅटरीही त्याच डिक्कीत. म्हणजे बॅटरी पूर्ण गेली तर डिक्की उघडणार नाही, आणि डिक्की उघडली नाही तर बॅटरीपर्यंत पोचता येणार नाही. यातून वाट काय?

घाटावरचा

याचं उत्तर मला येतं, माझ्यावर ही वेळ आली होती. पोर्शेच्या बऱ्याच मॉडेलांत पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये एक प्लसचं टोक बाहेर ओढता येतं. दुसऱ्या बॅटरीची लाल केबल त्याला, काळी दाराच्या लोखंडी बिजागरीला किंवा कुलपाच्या आकड्याला. एवढ्या विजेवर कुलूप उघडतं. त्या टोकावरून इंजिन मात्र सुरू करायचं नाही, ते फक्त डिक्की उघडण्यासाठी आहे. इतर कंपन्यांच्या गाड्यांत बाहेरून ओढायची तार कुठंतरी लपवलेली असते. आपल्या मॅन्युअलमधलं ते पान शोधा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण मॅन्युअलही बहुधा डिक्कीतच असतं.

सोपा उपाय म्हणजे हूक, गट्टू आणि चाकाच्या चोरनटाची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या वेगळ्या नटाची) गोटी सीटच्या मागं ठेवा. चोरनटाची गोटी घरी राहिली तर जगातला कुठलाही पंक्चरवाला चाक काढू शकत नाही.

संत्री_मोसंबी

बॅटरीवरून एक सांगते. माझ्या भावाची गाडी तळेगावजवळ एका ढाब्यावर सुरू होईना. शेजारी ट्रक उभा होता, ट्रकवाल्यानं स्वतःहून केबल काढल्या. बिचारा मदतच करत होता. ढाब्याच्या मालकानं ओरडून थांबवलं: "अरे, ट्रक चोवीस व्होल्टचा हाये!" मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि कारला लागतात १२. ती केबल लागली असती तर गाडीतले सगळे कंप्युटर तिथंच गेले असते.

ट्रॅक्टर, छोटा हत्ती, बोलेरो पिकअप १२ व्होल्टचे असतात, ते चालतात. ट्रॅक्टर बंद करून केबल लावायच्या. लाल लालला, मग काळीचं एक टोक ट्रॅक्टरच्या मायनसला आणि दुसरं आपल्या गाडीच्या ठरलेल्या लोखंडी टोकाला. काढताना उलट क्रमानं.

पऱ्हाटी

म्हंजे आमचा ट्रॅक्टर चालते. बरं झालं.

आता मी एक सांगतो, हे गॅरेजवाले नाही सांगत. आपल्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात साइडपट्टी दगडासारखी दिसते अन् पाऊस पडला का लोण्यासारखी. गेल्या पावसाळ्यात एक पांढरी मोठी गाडी फोन घ्याले म्हणून डांबराखाली उतरली. दहा मिनिटांत चाकं अर्धी आत. थो माणूस रेस देत राह्यला तशी गाडी अजून फसत गेली. आमी चाकाखाली पऱ्हाट्या टाकल्या, तुराट्या टाकल्या, तवा कुठं निघाली. तुमची गाडी तं पाच इंचाची. पोट टेकलं का मंग ट्रॅक्टर बी जपूनच लावा लागते. पाऊस असन तं डांबर सोडू नका. पुढं एखादा पेट्रोल पंप, नाही तं फाट्यावरचा मुरूम टाकेल तळ पाहा, तिथलोक हळूहळू घेऊन जा.

अन् संध्याकाळी सहाच्या नंतर रोही, म्हंजे नीलगाय, पाहून चालवजा. एक रोही रस्ता पार करून गेला म्हणून रेस देऊ नका. मांगं अजून दोन असतेच.

खामगावी

रोह्याच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. बुटक्या गाडीला रोही धडकला तर तो थेट काचेवर येतो.

रस्त्याबद्दल: राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा. टोल नाक्याकडून गस्तीची गाडी, क्रेन, अँब्युलन्स येते. पण त्यांचं काम गाडी रस्त्यातून हलवून सुरक्षित जागी ठेवणं. ती क्रेन तुम्हाला वर्कशॉपला नेणार नाही, आणि ती बहुधा चाक उचलणारीच असते, म्हणून टामीपान्हांनी लिहिलेलं सगळं तिच्यापुढंही सांगावं लागेल. १०३३ राज्य महामार्गावर चालत नाही. समृद्धीवरही ती नाही, त्या ७०१ किलोमीटरसाठी वेगळी हेल्पलाइन आहे. तो नंबर आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा. समृद्धीवर कडेला सावलीचं झाड किंवा ढाबा सहज मिळत नाही.

अवांतर: आमच्याकडचा अमरावती-अकोला रस्ता २०२२च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर एका दमात टाकला होता, १०५ तास ३३ मिनिटांत, गिनीजमध्ये नोंद आहे. त्या रस्त्यावर तुमची गाडी एकदा आणाच.

सीताबर्डी

खामगावी, त्यांना दारव्ह्याला जायचंय, तुम्ही अकोल्याला बोलावताय! :)

खामगावी

दारव्ह्याहून मूर्तिजापूरला यायचं आणि तिथून रस्ता धरायचा. शकुंतला रेल्वे याच वाटेनं यायची. दारव्ह्याच्या माणसाला सांगावं लागणार नाही.

आर्वीची_मास्तरीण

मला गाड्यांतलं काही कळत नाही. गर्दीबद्दल लिहिते, कारण धागालेखकांनी तेच विचारलंय.

आमच्या शाळेसमोर दोन वर्षांपूर्वी एक पिवळी बुटकी गाडी गरम होऊन थांबली. पाच मिनिटांत सगळी शाळा बाहेर. मालक तरुण होता आणि घाबरलेला होता. तो मुलांवर ओरडला, "हात लावू नका!" मुलं दोन पावलं मागं गेली आणि पुन्हा पुढं आली. मग त्यानं एकाला ढकललं. तिथून वातावरण बदललं. जे लोक पाणी आणायला निघाले होते ते थांबून बघत राहिले.

मी आमच्या सातवीच्या एका मुलाला हाक मारली, तो गाड्यांची चित्रं काढतो. मालकाला म्हटलं, याला दोन मिनिटं आत बसू द्या. त्यानं बसू दिलं. मुलानं दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली दाबून ठेवले होते, काही लागू नये म्हणून. बाहेर आल्यावर त्यानंच सगळ्या मुलांची रांग लावली आणि कुणालाही गाडीला टेकू दिलं नाही. मोठी माणसं पाणी घेऊन आली. बॉनेटवरच्या धुळीत लहान हातांचे आठ-दहा ठसे राहिले, तेवढंच.

गावात गाडी थांबली तर आधी उतरा, नमस्कार करा, कुठून आलात आणि कुठं चाललात ते सांगा. गर्दीतल्या एका वयस्कर माणसाला 'काका, जरा इथं उभे राहता का' म्हणा. पुढचं ते बघतात.

टामीपान्हा

ताई, हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी वाचावं असं आहे.

गरम होण्यावरून: मागं इंजिन असलेल्या बऱ्याच गाड्यांचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात. आपल्याकडं कापसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारे पुंजके आणि एरवी वाळलेली पानं त्यात जाऊन बसतात. मी एकीच्या तोंडातून मूठभर काढलेत, ओल्या वातीसारखे झाले होते. निघण्याआधी बंपरच्या जाळ्यांतून टॉर्च मारून बघा. काटा वर गेला तर एसी बंद करा, थांबा, आणि गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका. कुणी चांगल्या मनानं थंड पाणी ओतायला आलं तर हात जोडून थांबवा.

पेट्रोलबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. या गाड्यांना ९५ किंवा त्यावरचं ऑक्टेन लिहिलेलं असतं. नागपुरातच टाकी भरून घ्या. मध्येच कमी ऑक्टेनचं घ्यावं लागलं तर इंजिन स्वतः ठिणगीचं टायमिंग मागं घेतं, ताकद कमी मिळते, पण गाडी घरी पोचते. फक्त दाबून चालवू नका.

घाटावरचा

मी सुरुवातीला 'नेऊ नका' लिहिलं होतं. मास्तरीणबाईंचा प्रतिसाद वाचून ते मागं घेतो. न्या. पण मागून साध्या गाडीचा आग्रह कायम आहे. बाबा ७९ वर्षांचे, मे महिन्याच्या तोंडावर विदर्भात पारा ४४-४५ला जातो. गाडी बंद पडली तर गाडीचं काहीही होवो, बाबा दहा मिनिटांत एसीत बसले पाहिजेत.

टायरचं माझ्याकडून. द्रवाच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती बघा. शिवाय पंक्चरच्या पट्ट्यांचं किट घ्या. खिळा टायरच्या सपाट भागात असेल तर बाहेरूनच पट्टी घालून हवा भरता येते, चाक काढावं लागत नाही. पंक्चरवाल्याकडं गेलात तरी त्याला हेच सांगा. तो सवयीनं टामी घालून टायर उतरवायला जाईल आणि व्हॉल्व्हजवळचा हवेचा सेन्सर तुटेल. पट्टी घातल्यानंतर वेग ८०च्या आत ठेवा. मधोमध एकच मोठा नट असलेली चाकं असतील तर रस्त्यावर चाक काढायचा विचारच सोडा. पोर्शेच्या जीटी३ला तो नट ६०० न्यूटन-मीटरनं आवळतात, ते काम रस्त्यावरच्या पान्ह्याचं नाही.

बॅटरी उतरल्यावर गाडी सुरू करायचा लिथियम जंप स्टार्टर घेतला तर तो उन्हात गाडीत ठेवू नका. बंद गाडी आतून साठ अंशांच्या वर तापते. उतरताना पिशवीत घालून बरोबर न्या.

दारव्हेकर_नागपूरचा (धागालेखक)

मंडळी, गेल्या रविवारी बाबा चार दिवसांसाठी नागपूरला आले होते. अंगणात सगळं करून बघितलं. ते लिहितो.

झाकण निघालं. हूक भोकात घातला आणि फिरवायला लागलो. बसेना. दोनदा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आटे गंजलेत. बाबा खुर्चीवर बसून बघत होते. उठले, माझ्या हातातून हूक घेतला, उलटा फिरवला आणि तो सरसर आत गेला. म्हणाले, "उलटे आटे आहेत. आमच्या गाडीच्या डाव्या चाकांचे नट असेच असायचे." मी मॅन्युअल उघडलं. तिथंही तेच लिहिलं होतं.

मग त्यांनीच मला विचारलं, "गाडी थांबली तर मागं काय ठेवशील?" मी लाल त्रिकोण दाखवला. त्यांनी तो मागं कुठवर ठेवायचा ते अंगणातून रस्त्यावर चालत जाऊन दाखवलं, पन्नास पावलं मोजून, आणि वळण असेल तर वळणाच्याही अलीकडं. फांदी लावली तर चालेल म्हणाले, पण दगड ठेवायचे नाहीत, आणि कुणी ठेवले तर निघताना मोजून उचलायचे. त्यांच्या एका सहकाऱ्याचा मुलगा रात्री असाच राहिलेल्या दगडावरून मोटरसायकलसह पडला होता. हे त्यांनी मला याआधी कधी सांगितलं नव्हतं.

सीटच्या मागं आता एक पिशवी आहे: हूक, गट्टू, चोरनटाची गोटी, पट्ट्यांचं किट, केबल, टॉर्च, हातमोजे, पाच लिटर पाणी, दुपट्टा. डिक्कीत फळ्या मावत नाहीत, त्या पुतण्याच्या बोलेरोत. बोलेरो मागून येणार, घाटावरचा यांचं ऐकलं. विम्याची मर्यादा वाढवता येते का ते विचारलंय. नाहीतर वर्ध्यातल्या एका फ्लॅटबेडवाल्याशी बोलून भाडं आधीच ठरवून ठेवलंय.

आणि एक कागद केलाय. लॅमिनेट करून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवलाय, मोठ्या अक्षरांत, मराठीत. मी चक्कर येऊन पडलो तरी कुणालाही वाचता यावा म्हणून. मजकूर असा:

"दादा, मदतीबद्दल आभार. दोर फक्त पुढच्या हुकाला बांधा. हूक सीटमागच्या पिशवीत आहे, आटे उलटे आहेत. गाडी फक्त रस्त्याच्या कडेला घ्या, लांब ओढू नका. पोटाखालून साखळी घालू नका. जॅक पांढऱ्या खुणेवरच लावा, वर रबर ठेवा. बॅटरी ट्रॅक्टरची चालेल, ट्रकची नको. चढवताना चाकाखाली फळ्या. बांधताना टायरवरून पट्टा. आत कुणी असेल तर आधी त्याला सावलीत न्या."

शेवटचं वाक्य बाबांनी घालायला लावलं.

मीराताई_अकोला

ते वाक्य पहिलं घ्या. कागदावर माणूस आधी वरची ओळ वाचतो.

दारव्हेकर_नागपूरचा (धागालेखक)

घेतलं. नवीन कागद छापतो.

पऱ्हाटी

छापताच आहा तं दोन काढजा. एक आमच्या ट्रॅक्टरात ठेवतो. बाबाईले सांगजा, पुलाजवळ लिमाखाली खाट टाकून ठेवतो. गाडी बंद पडो का न पडो, थांबाचं.